वाट हाय ही, रस्ता न्हाय

नोव्हेंबरातली गोष्ट. भातं झोडून झालेली, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, गवत कापणं चाललेलं. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून सड्याकडे एक पाणंद चढते. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, मध्ये एक बैल नीट जाईल एवढीच जागा. मी खालून मोटारसायकल चढवत होतो. फूटपेगवर उभा, पहिला गिअर, अंग पुढे झुकवलेलं. चढावर थांबायचं नसतं, हा आमच्यातला पहिला धडा. थांबलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी आडवी होते. वळणावर समोरून एक बाई उतरत आल्या. डोक्यावर गवताचा भारा, एवढा की तोंड दिसेना. थांबावंच लागलं. इंजिन बंद केलं. त्यांनी भारा गडग्याला टेकवून बाजूला व्हायचा प्रयत्न केला, तो घसरला आणि पाणंदीत पडला.

"टाकायला लावलात. आता उचलून कोन देनार?"

ज्यानं कधी भारा वाहिलेला नाही त्याच्या हे लक्षात येत नाही. डोक्यावरचा भारा एकट्यानं खाली टाकता येतो, एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही. म्हणून बायका जोडीनं जातात आणि एकमेकींना उचलून देतात. जी एकटी असते ती घर येईपर्यंत टेकत नाही. मी हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, भाऱ्याला हात घातला. तीस किलो तरी असेल. माझी गाडी सव्वाशे किलोच्या वर आहे, पण ती स्वतःच्या ताकदीवर चढते. भारा डोक्यावर गेला तरी पेच तसाच होता, कारण सुट्या दगडांच्या उतारावरून गाडी मागे घेता येईना. शेवटी मावशी गडग्याच्या खिंडारातून शेजारच्या शेतात उतरल्या आणि लांबचा वळसा घालून गेल्या. भारा त्यांचा, वाट त्यांची आणि वळसाही त्यांनाच. जाताना रागावल्या नाहीत. सांगितल्यासारखं म्हणाल्या, "वाट हाय ही. रस्ता न्हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. रस्ता करतात, वाट पडते. रस्त्याला टेंडर लागतं, नारळ लागतो, खड्डे पडल्यावर शिव्या घालायला एक खातं लागतं. वाट पायांनी पडते, आणि पाय थांबले की दोन पावसाळ्यांत बुजते. रस्त्यावर कुणीही जावं, तो त्यासाठीच असतो. वाटेवर कोण जातो ते वाडीला ठाऊक असतं, आणि अनोळखी माणूस दिसला तर "कुणाकडे?" असं विचारलं जातं. त्या प्रश्नाला आमच्यापैकी बहुतेकांकडे उत्तर नसतं. आम्ही कुणाकडेच चाललेलो नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कोकणातल्या या वाटांवर मोटारसायकल न्यायची की नाही, कधी न्यायची आणि किती न्यायच्या, हे ठरवायचा अधिकार गाडीवाल्याचा नाही, पर्यटन खात्याचा नाही, नकाशाच्या अ‍ॅपचा तर नाहीच. तो त्या वाडीचा आहे, आणि तो तिच्याकडे रीतसर, कागदावर असायला हवा. हे मी गाडी चालवणारा म्हणून लिहितो आहे. गाडी विकायचा माझा विचार नाही.

आधी या गाड्यांबद्दल थोडं. इंग्रजीत त्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. दिवा, आरसा, नंबरप्लेट असलेली, रीतसर पासिंग झालेली, पण डांबर संपलं तरी न थांबणारी गाडी. यामाहाची डीटी-१ अमेरिकेत १९६८ साली आली आणि तिथे या प्रकारानं मूळ धरलं. त्याला कारण तिथली जमीन. पश्चिमेकडच्या राज्यांत मैलोन् मैल सरकारी रान, माणूस विरळ, जुन्या खाणवाल्यांनी आणि लाकूडतोड्यांनी पाडून मग सोडून दिलेल्या वाटा. तिथेही चार वर्षांत इतकी धूळ उडाली की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना आदेश काढावा लागला: सरकारी जमिनीवर कुठे गाडी चालेल आणि कुठे नाही याची आखणी करा. म्हणजे ज्या देशात या खेळाला मोकळं रान मिळालं, त्या देशानंही तो मोकळा सोडला नाही.

आपल्याकडे हिरोची इम्पल्स २०११ साली आली. दीडशे सीसी, उंच, जरा अशक्त. आजही ती जपणारे लोक आहेत आणि त्यांतला मी एक आहे. ती बंद पडली. मग २०१६ला रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ला हिरोचीच एक्सपल्स. एक्सपल्सनं खरा फरक केला, कारण ती पगारदार माणसाच्या आवाक्यातली होती आणि पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा घेऊन आली होती. जांभ्याचा एखादा चिरा वाटेत आडवा असला तरी इंजिनाला लागत नाही. पुण्या-मुंबईहून, कोल्हापुराहून शुक्रवारी रात्री निघायचं आणि शनिवारी सकाळी अणुस्कुऱ्याच्या किंवा भुईबावड्याच्या घाटातून उतरून सड्यावर हजर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यामुळे काही जण गमतीनं म्हणतात की आमच्या गाडीचं ऑफ-रोडिंग पनवेलच्या पुढेच सुरू होतं. ते असो.

गाडीचा हा प्रकार आणि त्याचा शब्दकोश दोन्ही अमेरिकेतून आले. त्यात 'ट्रेल' आली, 'रिमोट' आलं, 'अनएक्सप्लोअर्ड' आलं. कोकणात हे शब्द लावून बघा. इथे वाट म्हणून बेवारस नाही. सड्याच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, प्रत्येक खाचराला मालक आहे, आणि एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत, त्यातली निम्मी मुंबईत. गाव नकाशा कधी तलाठ्याकडे बसून नीट पाहिला तर दिसतं की पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. ती गाडी म्हणजे बैलगाडी. शेतकऱ्याला त्याच्या शेतापर्यंत जायची वाट अडवली गेली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तो तहसीलदाराकडे जातो. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १४३ आहे. या दोन कायद्यांवर गावोगावी किती भाऊबंद भांडलेत ते तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक सकाळ बसलं तरी कळतं. एका पायवाटेसाठी लोकांनी वीस-वीस वर्षं तारखा केल्यात. आणि आम्ही तिच्यावरून जातो कारण फोनवर ती करड्या रेघेनं दिसली.

हक्क आहे तो वहिवाटीचा. माझी तिथे वहिवाट नाही. पाहुण्याला वाट असते ती यजमानाच्या सांगण्यावरून.

यावर मित्र म्हणतात, मग वन खातं आहे ना, ते बघेल. राखीव वनात १९२७चा वन अधिनियम आहे, अभयारण्यात १९७२चा वन्यजीव कायदा आहे, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे ठीकच. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून खालच्या गावांतून तिकडे चढणाऱ्या जुन्या घाटवाटांचा प्रश्न गाडीपुरता तरी मिटलेला आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं. झाडी आहे ती बहुतेक खासगी मालकीची, आणि सडे तर कागदावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून कुणाच्या हिशेबात नाहीत. वनरक्षक तिथे फिरकत नाही, कारण ती त्याची जमीन नाही. मालक मुंबईत. उरते ती वाडी.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो 'दुर्गम' हा शब्द. आमच्या लेखी दुर्गम म्हणजे मौज. जितकी वाडी आत, जितका फोनला रेंजचा पत्ता नाही, तितका फोटो चांगला. वाडीच्या लेखी दुर्गम हा अर्जातला शब्द आहे. "आमची वाडी अतिदुर्गम असून पावसाळ्यात रुग्णास डोलीतून न्यावे लागते." अशी वाक्यं बांधकाम विभागाच्या फायलींत वर्षानुवर्षं पडून असतात. डोली म्हणजे काय ते सांगायला नको: दोन बांबू, चादर किंवा खुर्ची, चार खांदे आणि शेवाळलेली पाखाडी. पाखाडी कोकणाबाहेरच्यांना माहीत नसते. डोंगरउतारावर जांभ्याचे चिरे पायरीसारखे रचून केलेली वाट, बहुतेक ठिकाणी चुन्या-सिमेंटाशिवाय, नुसती बसवलेली. शिमग्याला पालखी त्याच पाखाडीनं घरोघर जाते, म्हणून शिमग्याआधी गावकी श्रमदान करून निसटलेले चिरे पुन्हा बसवते.

आता हीच पाखाडी आमच्यातल्या काहींना फार आवडते. पायऱ्या चढवत गाडी नेली की चित्रफीत झकास होते. मीही एकदा नेली आहे, लपवत नाही. पायरीच्या कडेवर पुढचं चाक आदळतं, मग मागचं चाक त्याच कडेला पकडून जोर लावतं. माणसाचा पाय चिऱ्यावर वरून दाबतो, त्यानं चिरा बसतो. मागचं चाक चिऱ्याला मागे ढकलतं, त्यानं तो उठतो. एक गाडी गेली तर काही होत नाही. दहा गेल्या की पायरी हलायला लागते, पहिल्या पावसात तिच्याखालची माती निघते आणि मग एका रात्री डोलीला खांदा दिलेल्या माणसाचा पाय नेमका तिथे पडतो. वाटेची वाट लागते ती अशी, आणि लावणारा त्या वेळी तीनशे किलोमीटरवर ऑफिसात बसलेला असतो.

ज्या वाडीला रस्ता नाही म्हणून ती आम्हाला सुंदर वाटते, तिला रस्ता हवा आहे. हे विसरून वाटांच्या 'जतना'बद्दल बोलणं मला शोभत नाही, कुठल्याच गाडीवाल्याला शोभत नाही. उद्या तिथे डांबर पडलं तर मी हळहळेन आणि मावशींचा नातू शाळेत वेळेवर पोचेल. या दोहोंत कशाला वजन आहे हे ठरवायला फार विचार लागत नाही.

सड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाडीच्याही पलीकडचं काही आहे, आणि तिथे मी थोडा वेळ थांबणार आहे.

फेब्रुवारीत सडा पाहिला तर वाटतं, इथे बिघडवण्यासारखं आहे काय? काळा करपलेला कातळ, पिवळं गवत, वारा. गाडीवाल्याला दुसरं काय हवं! त्याच सड्यावर जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आठवड्याभरानं जा आणि गुडघ्यावर बसा. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती असते, कुठे दोन बोटं. तिच्यात दीपकाडी उगवते: कांदा खाली, बारीक पाती, वर पांढरी फुलं. ही वनस्पती रत्नागिरी आणि आसपासच्या सड्यांची, जगात इतरत्र आपणहून उगवत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात त्याच बोटभर मातीत सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, गेंदाची पांढरी बटणं येतात, आणि त्यांच्या पायाशी दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती चिकट केसांवर चिलटं धरत बसलेली असते. खळग्यात पाणी साचलं की त्यात बेडकांची पिल्लं. हा सगळा संसार चार महिन्यांचा. दिवाळीनंतर बिया आणि कंद कातळाच्या फटीत झोपी जातात.

आमच्या नॉबी टायरला पकडीसाठी रबराच्या गोट्या असतात, त्यांची उंची सहज बोटभर असते. म्हणजे जेवढी माती, तेवढाच दात. ओल्या सड्यावर मागचं चाक एकदा जागच्या जागी फिरलं की खालचा कातळ उघडा पडतो, आणि ती माती परत येत नाही. कातळावर माती तयार व्हायची पद्धत फार संथ आहे: शेवाळ, मग गवताची मुळं, मग त्यांची कुज, मग वाऱ्यानं आणलेली धूळ. मी हे अंदाजानं लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी जुलैत मी एका सड्यावर तळ्याच्या कडेनं गाडी नेली होती. चिखल, मजा, सगळं अंग लाल. पुढच्या पावसाळ्यात चालत गेलो तर माझी रेघ तिथेच होती. तिच्यातून पाणी वाहत होतं आणि तळ्याच्या त्या कोपऱ्यातलं पाणी रेघेनं बाहेर काढलं होतं. यंदाही ती आहे, आता वीतभर रुंद. त्या रेघेला माझं नाव कुणी दिलेलं नाही, एवढंच.

आणि कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा, त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. बारसूला मधला माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ. उक्षी, जांभरुण, देवाचं गोठणं, रुंढे तळी, देवीहसोळ, सिंधुदुर्गात कुडोपी. २०२२ साली ही ठिकाणं गोव्यातल्या फणसाईमळासह युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातल्या काहींना आता चिऱ्यांचं कुंपण आहे. पण सड्यांवर अजून कितीतरी चित्रं उघडी पडलेली आहेत, आणि त्यांची गंमत अशी की भर दुपारी ती दिसतच नाहीत. कोरीव रेघ उथळ असते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली धरते तेव्हाच उठून दिसते. मी दुपारी बारा वाजता चाळीसच्या वेगानं सड्यावरून जाताना कशाकशावरून गेलो असेन, हा विचार रात्री येतो.

म्हणून सड्याच्या बाबतीत मी वाडीच्या मर्जीवरही सोडणार नाही. जून ते ऑक्टोबर सडा चाकांना बंद, सरसकट. बाकीच्या महिन्यांत जी गाडीवाट आहे तीच, तिच्या चाकोरीबाहेर एक हातही नाही. चाकोरी सोडून चालणं ही मराठीत स्तुती आहे. सड्यावर ती नासाडी आहे.

समुद्रकिनाऱ्याबद्दल तर चर्चाच नको. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाच्या मदतीनं कासवाची घरटी राखायला सुरुवात केली, मग आंजर्ले आणि इतर गावं आली. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. वरची वाळू चाकानं दबली की पिल्लाला वर येता येत नाही; आलंच तर टायरच्या खोल रेघेत अडकतं आणि समुद्राऐवजी रेघेतूनच धावत राहतं, कावळे येईपर्यंत. पुळणीवर गाडी घालणाऱ्याला मी आमच्यातला मानत नाही. भरतीत अडकलेली गाडी बैल लावून ओढून काढतानाचे फोटो येतात तेव्हा मला गाडीची दया येते, मालकाची येत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती लेचीपेची नाही.

एक मित्र मला म्हणाला, "अरे, चिरेखाणीवाले सडाच्या सडा कापून ट्रकात भरतायत. वीस फूट खोल चौकोनी खड्डे. आणि तू दोन चाकांच्या रेघेवर लेख लिहितोस?" मापानं पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. एका चिरेखाणीनं जेवढा सडा जातो तेवढा हजार मोटारसायकलींनी दहा वर्षांत जायचा नाही. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी २०२३ साली माती-परीक्षण सुरू झालं आणि बायका उन्हात आडव्या पडल्या, तेव्हा आम्ही कुठे होतो, हाही प्रश्न त्यात येतो. पण खाणवाला सड्यावर प्रेम असल्याचं सांगत नाही. तो चिरा विकतो, मजुरी देतो, स्वामित्वधन भरतो किंवा बुडवतो, आणि त्याच्याशी भांडायला कायदा आहे. आम्ही येतो ते निसर्गाच्या ओढीनं म्हणून. ज्यानं प्रेमाचा दावा केला त्याला जरा जास्त मोजलं जाणार, यात अन्याय नाही.

दुसरा मुद्दा माझ्या स्वतःच्याच मनात बरेच दिवस होता. त्याच पाणंदीनं वाडीतला पोरगा रोज स्प्लेंडर नेतो. मागे दूध, कधी आंब्याच्या पेट्या, कधी आजारी आजी. त्याच्या टायरला गोट्या नाहीत, कधीकधी टायरच असल्यासारखा नसतो. त्याला कुणी "वाट हाय ही" म्हणत नाही. मग मलाच का? उत्तर मला त्याच्या मागे बसून गेल्यावर मिळालं. कुठला चिरा डुगडुगतो ते त्याला माहीत. कुठल्या वळणावर कुणाच्या अंगणात कोंबड्या असतात तेही माहीत, तिथे तो इंजिन बंद करून गाडी सोडतो. खालून कुणी ओझं घेऊन येतंय हे त्याला आवाजावरून कळतं आणि तो वरच थांबतो. आणि मुख्य म्हणजे, श्रमदानाला चिरे उचलायला तो असतो. फरक इंजिनाचा नव्हे, वेळ पडल्यावर कोण हजर असतं याचा.

तिसरा मुद्दा पैशांचा. गाडीवाले येतात, जेवतात, राहतात, गावाला चार पैसे मिळतात. खरंय, पण कुणाला? महामार्गालगतच्या पेट्रोल पंपाला आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला. सड्याखालच्या वाडीला आमच्याकडून धूळ मिळते आणि फार तर पोरांना चॉकलेट. वेळासला कासवांच्या दिवसांत पाहुणा गावातल्याच घरात राहतो, पडवीत झोपतो, घरचं जेवतो आणि पैसे त्या घरात ठेवून जातो. अंडी आणि पिल्लं पाहायची ती गावानं सांगितलेल्या वेळी, दोरीच्या अलीकडून. कुणाला त्यात कमीपणा वाटलेला मी ऐकलेला नाही. घाटावर कासच्या पठारावरही माणसांच्या संख्येला मर्यादा आली, तिकीट आलं, आणि लोक मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

तर करायचं काय? जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, गावानं स्वतःची नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती समिती आणि ती वही कपाटात आहे. ती बाहेर काढा आणि तिच्यात एक पान वाटांचं घाला: ही वाट चाकांना कधीच नाही, ही पाडव्यापासून मिरगापर्यंत चालेल, ही विचारून. ग्रामसभेत ठराव करा. चालेल त्या वाटेवर गावातला एक जण आपली गाडी घेऊन पुढे, त्याची दिवसाची मजुरी ठरलेली, मागे सहाच्या वर गाड्या नाहीत. कंपनीच्या सायलेन्सरऐवजी फुरफुरणारं नळकांडं लावलेली गाडी असेल तर वेशीवरूनच परत. मोटार वाहन कायद्यानंही तशी गाडी चालत नाहीच, फक्त सड्यावर पोलीस नसतो. गावाचा माणूस पुढे असला की भारा घेऊन येणारीला आधी वाट मिळते, हे वेगळं लिहावं लागत नाही.

आणि एक गोष्ट आम्हीच, आमच्यात करायची. वाटेची जीपीएस आखणी भरलेली फाइल कुणाला पाठवायची नाही. पूर्वी वाट माणसाला विचारून कळायची. विचारताना तुम्ही कोण, कुठले, कशाला हे सांगावं लागायचं, चहा व्हायचा, आणि सांगणाराही नको त्याला नको ती वाट सांगायचा नाही. आता एका शनिवारी एक जण जातो, रविवारी फाइल चढवतो, आणि पुढच्या महिन्यात तिथे चाळीस जण येतात, ज्यांना वाडीचं नावही माहीत नसतं. वाट मारतो तो पहिला गाडीवाला बहुधा नसतोच. मारते ती फाइल. माझ्याकडे अशा अकरा होत्या. मी त्या खोडून टाकल्या. त्यातल्या तीन आधीच दुसऱ्यांकडे गेलेल्या होत्या, त्या परत आणता येत नाहीत.

"म्हणजे मजा गेली," असं म्हणणारे आहेतच. माझा अनुभव उलटा. गावातल्या माणसाच्या मागून गेलो तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ज्याला मी नुसता चढ समजत होतो ती जुनी बंदरवाट आहे. राजापूरच्या बंदरातून मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांच्या पाठीवर याच वाटांनी अणुस्कुऱ्याकडे जायचं आणि वरून गूळ, धान्य खाली यायचं. चढावर एक पसरट कातळ आहे, तिथे बैल थांबवत. आम्हीही गाड्या तिथेच थांबवल्या. इंजिनं निवताना टिक-टिक करत होती, खाली अर्जुना नदीवर धुकं होतं. एवढं पुरतं मला.

हे सगळं घेऊन मी डिसेंबरात त्याच वाडीत गेलो. गाडी खाली रस्त्याला लावली, पाखाडी चढून देवळात पोचलो. गावकीची बैठक होती. मी माझं म्हणणं मांडलं: वाटांचा ठराव, सहा गाड्या, मजुरी वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तरुण पोरांना कल्पना आवडली, दोघांनी तर मजुरीचा आकडाही काढला. एक वयस्कर गावकर, म्हणजे गावचे मानकरी, म्हणाले, आज सहा म्हणाल, उद्या साठ येतील, मग आम्ही कुणाला थांबवायचं आणि कशानं? याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. भारावाल्या मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या काही नाहीत.

शेवटी गावकर म्हणाले, "तुमच्या गाड्यांचं शिमग्यानंतर बघू. तुम्ही शिकलेले दिसता. पऱ्यावरचा साकव दोन वर्षं मोडलाय, त्याचा एक अर्ज लिवून द्या आधी." साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल. कुणीतरी वहीचं पान फाडून दिलं. मी देवळाच्या पायरीवर बसून अर्ज लिहिला, त्यांनी वाचून घेतला, खाली सह्या आणि अंगठे झाले. 'दुर्गम' हा शब्द त्यात तीनदा आला होता. एकदा तो मी स्वतःहून घातला होता, दोनदा त्यांनी सांगितला म्हणून.